एका ठोक्यात मावेल तेवढं

सांगली
५ ऑगस्ट २०२४

अक्का,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. एका अर्थानं बरंच झालं. हल्ली फोनवर चार वाक्यं सलग बोलली की मला दम लागतो, आणि मी मधे थांबलो की ऐकणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. कागदावर थांबलेलं कुणाला दिसत नाही.

शाळेनं मला बसवरून काढलं. इतकी वर्षं पोरं ने-आण केली, गाडी कुठं साधी घासली नाही. एका पालकानं तक्रार केली की ड्रायव्हरचं तोंड सुजलेलं असतं, खाली उतरला की दरवाजाला धरून उभा राहतो. मग दुसऱ्यानं केली. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं, समोर बसवलं, पाणी दिलं. बाई वाईट नाही. म्हणाल्या, "जोतीराम, आम्हाला गाजावाजा करायचा नाही. तुम्ही उपचार घ्या." मी म्हणालो, "बाई, मी पीत नाही. आजवर तोंडाला लावलेली नाही." त्या माझ्या पोटाकडं बघत होत्या.

पाडव्याला तू बघितलंस त्याच्या दुप्पट झालंय आता पोट. हात-पाय काड्या, आणि मधे हा हंडा. संध्याकाळी पाय सुजतात, बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहतो. इथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. लिव्हरला सूज आहे, पोटात पाणी झालंय म्हणाले. सुई घालून पाणी काढलं, तर महिन्याच्या आत पुन्हा भरलं. त्यांनी मला विचारलं, "रोज किती घेता?" घेता का, असं नाही विचारलं.

पाडव्याला जाताना तू म्हणालीस, "आप्पांचं एकदा बघितलंय. दुसऱ्यांदा बघायची ताकद न्हाई माज्यात." तेव्हापासून तुझा आवाज ऐकलेला नाही.

अक्का, मी आप्पा नाही. एवढंच लिहायचं होतं, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

जोतीराम

&nbsp;

पाचगणी
१३ ऑगस्ट २०२४

जोतीराम,

पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. घरी आलं असतं तर तुझ्या दाजींनी आधी वाचलं असतं, आणि माझ्या माहेरच्या माणसांबद्दल त्यांना नवीन काही कळावं असं मला वाटत नाही. आप्पा आमच्या दारात पडले होते ते अजून या घरात कुणी विसरलेलं नाही. बोलत नाहीत, पण विसरलेले नाहीत.

इथं वसतिगृहात मेट्रन म्हणून रोज सकाळी दहा-बारा मुली माझ्यापुढं उभ्या असतात. कुणाचं पोट दुखतंय, कुणाचं डोकं. त्यातली खरी आजारी कोण आणि गणिताचा पेपर कुणाचा आहे, हे मला तोंडावरून कळतं. तुझं तोंड पाडव्याला मी बघितलं.

आप्पांचं शेवटचं सगळं मी केलंय. त्यासाठी सासरहून येऊन राहिले होते. तू शाळकरी होतास, तुला बाहेर अंगणात बसवायचो. ते पोट मी पुसलंय. त्या पायांवर बोट दाबून खड्डा पडतो का ते मी रोज बघायची. काड्यांसारखे हात माझ्या गळ्याभोवती टाकून ते म्हणायचे, "अंजे, तुज्या गळ्याशपत, शिवलो न्हाई." तोंडाला वास येत असायचा आणि शपथ चालू असायची. तुझ्या पत्रात मला तेच अक्षर दिसतंय. राग मानू नकोस.

साताऱ्याजवळ एक व्यसनमुक्तीचं केंद्र आहे. चांगलं आहे, मी जाऊन बघून आले. तू हो म्हण. हो म्हणशील त्या दिवशी मी रजा टाकते आणि स्वतः तुला घेऊन जाते. तोपर्यंत फोनवर तुझा आवाज ऐकला तर मी विरघळेन, म्हणून घेत नाही.

अक्का

&nbsp;

सांगली
२४ ऑगस्ट २०२४

अक्का,

केंद्रात जायला माझी ना नाही. पण तिथं जाऊन मी सोडू काय, ते सांग.

तुझ्या पत्राचा राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी हवा लागते. गेल्या आठवड्यात शिवू शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, आ करा." मला वाटलं खेळतेय. मी आ केला. तिनं नाक जवळ आणून वास घेतला आणि आईला सांगायला आत पळाली, "मम्मी, नाही येत." दुसरीतली पोरगी. वर्गात कुणीतरी तिला सांगितलं असणार की तुझे पप्पा पितात. अंकिता तिच्यावर ओरडली नाही. मला ते जास्त लागलं. म्हणजे वास घेऊन बघण्यासारखं आहे, असं तिलाही वाटलं.

आता मी घराबाहेर पडत नाही. खणभागातली ही वरची खोली तू बघितली आहेस. जिना उतरलो तर चढताना मधे दोनदा बसावं लागतं आणि खालचे लोक दार उघडून बघतात. म्हणून खिडकीत बसतो. साडेसातला माझी बस जाते. नवा ड्रायव्हर वळणावर ब्रेक उशिरा मारतो. मला इथून कळतं, पण कुणाला सांगू?

छातीत सारखी धडधड असते. काही न करता, बसल्या जागी. पळून आल्यावर जसं होतं तसं, पण पळालेलोच नाही. रात्री उशीला कान लावला की आत कुणीतरी जीव घेऊन पळतंय असं वाटतं. त्याला कुठं जायचंय कोण जाणे. मी तर इथंच आहे.

तू म्हणशील त्या डॉक्टरकडं जातो. फक्त मी खोटं बोलतोय हे धरून जायला सांगू नकोस.

जोतीराम

&nbsp;

पाचगणी
३ सप्टेंबर २०२४

जोतीराम,

शिवूचं वाचून जेवण गेलं नाही.

तू लिहिलेली ती धडधड मला माहीत आहे. मधे एकदा आप्पांनी चार-पाच दिवस सोडली होती, तेव्हा त्यांचं असंच झालं होतं. बसल्या जागी छाती उडायची, हात थरथरायचे. दारू सुटताना अंग असं करतं, असं तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलेलं मी ऐकलंय. म्हणजे तू कुणाला न सांगता, एकटाच सोडायचा प्रयत्न करतोयस. कबूल करायला जीभ वळत नसेल तर नको करूस. मी विचारणार नाही. मला त्यातच सगळं मिळालं.

सोबतच्या पुडीत गोळ्या आहेत. तुझ्या दाजींना बीपी आणि धडधड दोन्हीसाठी चालू आहेत, तीन वर्षं घेतात, काही त्रास नाही. त्यांची नाडी पूर्वी अशीच पळायची, आता घड्याळासारखी चालते. सकाळी एक घे. धडधड थांबली की झोप लागेल, झोप लागली की निभावून नेशील.

केंद्राचं आता बोलत नाही. घरीच होऊ दे. मी तुझ्या बाजूनं आहे एवढं लक्षात ठेव.

अक्का

&nbsp;

सांगली
१४ सप्टेंबर २०२४

अक्का,

गोळी सुरू केली. तू पुन्हा पत्र लिहिलंस, औषध पाठवलंस, म्हणून पोत्यात दगड भरून दिले असतेस तरी घेतले असते.

गुण आहे. धडधड थांबली. आत जो पळत होता तो आता चालतोय. अंकितानं हात लावून बघितला आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटलेलं दिसलं. तिला वाटतं, आता उतार पडला.

अंग मात्र जड झालंय. उठून उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते. लघवी कमी होते. हात गार पडतात. पण नाडी शांत आहे, म्हणजे बरंच असणार. गणपतीत शिवूला आरतीला न्यायचं होतं, जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

तुझे आभार मानत नाही, तुला आवडत नाही ते.

जोतीराम

&nbsp;

मिरज
२१ सप्टेंबर २०२४

वन्सं,

परवा फोनवर तुम्ही रडत होता आणि माझ्याभोवती माणसं होती, म्हणून नीट सांगता आलं नाही. तुम्ही लगेच निघते म्हणालात, मी नको म्हणाले. का म्हणाले ते लिहिते.

हे सकाळी शिवूला रिक्षापर्यंत सोडायला म्हणून उतरले आणि जिन्यात पडले. मी वरून आवाज ऐकला. हात-पाय बर्फासारखे गार, ओठ काळे-निळे, हाक मारली तर ओ नाही. खालच्या लोकांनी उचलून रिक्षात घातलं. त्यातला एक म्हणाला, "सकाळी सकाळीच?" मी ऐकलं.

इथं मिरजेच्या दवाखान्यात डॉ. रुक्सार मुजावर म्हणून हृदयाच्या डॉक्टर आहेत, सांगलीच्याच. त्यांनी विचारलं, कोणकोणती औषधं चालू आहेत. मी पुडी दाखवली. त्या म्हणाल्या, "ही कुणी दिली?" मी म्हणाले, घरातल्याच कुणीतरी. तुमचं नाव घेतलं नाही. त्यांनी ती गोळी तिथल्या तिथं बंद केली. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या हृदयाचं ते पळणंच ह्यांना जगवत होतं. या गोळीनं ते बांधून टाकलं." वन्सं, तुम्ही मायेनं पाठवलीत हे मला कळतं. पण आज तुम्ही समोर आलात तर माझ्या तोंडून काय जाईल मला माहीत नाही. म्हणून चार दिवस थांबा.

आणि माझंही सांगते, म्हणजे तुम्हाला एकटीलाच बोलले असं नको. मी त्यांच्या पँटचे खिसे हुंगून बघितलेत. एकदा नाही, बऱ्याचदा.

गोळी बंद झाल्यावर दोन दिवसांत नाडी पुन्हा पळायला लागली आणि हे डोळे उघडून बोलायला लागले. मग डॉक्टरांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि मानेकडं बघत राहिल्या. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. मला वाटायचं बारीक झालेत म्हणून दिसतात. त्या म्हणाल्या, "नुसतं लिव्हर खराब असतं तर मान अशी फुगली नसती. आजवर सगळे पोटच बघत बसले." मग हृदयाची सोनोग्राफी केली, छातीचा स्कॅन केला.

आता त्यांचा एकच प्रश्न आहे. लहानपणी कधी टीबी झाला होता का? ह्यांना एवढंच आठवतं की नववीत असताना पुष्कळ दिवस शाळा बुडली. सासूबाई नाहीत, आप्पा नाहीत. सांगणाऱ्या तुम्हीच. आठवून सगळं सविस्तर लिहून पाठवा, त्यांना कागदांत लावायचंय.

अंकिता

&nbsp;

पाचगणी
२५ सप्टेंबर २०२४

अंकिता,

तू लिहिलंस ते कमीच लिहिलंस.

आधी डॉक्टरांसाठी. जोतीराम नववीत होता. पावसाळ्यात ताप आणि खोकला सुरू झाला, उजव्या कुशीत दुखायचं, रात्री अंथरूण घामानं ओलं व्हायचं. आम्ही त्याला आटपाडीला नेलं. छातीत पाणी झालंय म्हणून सांगितलं, पाठीतून सुईनं पाणी काढलं. टीबीचं आहे, गोळ्या निदान सहा महिने घ्यायच्या, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, असं मला बजावून सांगितलं होतं. मी घरी असेपर्यंत एक गोळी चुकली नाही. दिवाळीनंतर माझं लग्न झालं. संक्रांतीला माहेरी आले तर फळीवरची डबी रिकामी. विचारलं तर आप्पा म्हणाले, "बरा झालाय की त्यो. पळतंय बघ पोरगं." आणि तो खरंच पळत होता, ओढ्याकडं, पोरांच्या पुढं. त्यामुळं मला पुढं काही बोलता आलं नाही.

एवढं डॉक्टरांना दाखव.

आता तुझ्यासाठी. इथं एखाद्या मुलीला ताप आला तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय मी साधी गोळी देत नाही. आणि भावाला, न बघता, न विचारता, दुसऱ्याचं औषध पुडी बांधून पाठवलं. कारण त्याला काय झालंय हे मला आधीच माहीत होतं ना. त्यानं दोन पत्रांत तेच सांगितलं आणि दोन्ही वेळा मी त्याच्या जागी आप्पांनाच वाचत बसले.

तू बोलवशील तेव्हा येते. तुझ्या तोंडून जे जाईल ते जाऊ दे.

अंजना

&nbsp;

सांगली
१० ऑक्टोबर २०२४

अक्का,

काल घरी सोडलं. पोटाचं थोडं पाणी काढलंय, म्हणून खुर्चीत बसून लिहिता येतंय.

अंकितानं मला तुझं पत्र वाचायला दिलं. गोळीचं मनातून काढून टाक. जिन्यात पडलो नसतो तर मी अजून खिडकीतच बसलो असतो आणि सगळे पोटच बघत राहिले असते.

मला काय झालंय ते तुला नीट सांगतो, कारण मला ते सांगायला आवडायला लागलंय. डॉक्टर मुजावर माझ्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मूठ वळा." मी वळली. त्यांनी दोन्ही हातांनी ती मूठ घट्ट आवळून धरली. "आता उघडा." उघडेना. "जोर कमी पडतोय का तुमचा?" मी म्हणालो, "न्हाई. जागाच न्हाई."

"तेच," त्या म्हणाल्या. "तुमच्या हृदयात जोर आहे. त्याला उघडायला जागा नाही. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. त्या जुन्या टीबीनं तुमची पिशवी जाड झाली, मग हळूहळू चुन्यासारखी कडक झाली. निरोगी माणसाचं हृदय एका ठोक्याला चहाचा लहान कप भरेल एवढं रक्त बाहेर ढकलतं. तुमचं उघडतंच अर्धं, तर भरणार अर्धं आणि ढकलणार अर्धं. इतरांनी जिना चढला की त्यांचं हृदय दोन्ही करतं, कपही जरा मोठा भरतं आणि ठोकेही वाढवतं. तुमचा कप वाढूच शकत नाही. मग एकच मार्ग उरतो, अर्ध्या कपाच्या फेऱ्या वाढवायच्या. म्हणून ते बसल्या जागी पळत होतं. गोळीनं फेऱ्या कमी झाल्या, कप अर्धाच राहिला. मेंदूला पुरेना, किडनीला पुरेना. तुम्ही पडलात."

मी विचारलं, मग अजून जोरात पळालं तर? त्या म्हणाल्या, "मग दोन ठोक्यांमध्ये भरायलाच वेळ राहत नाही. अर्ध्याचा पाव कप होतो. जिन्यात तुम्हाला बसावं लागतं ते त्यामुळं." आणि आत शिरायला जागा न मिळालेलं रक्त मागं तुंबून राहतं. ते लिव्हरमध्ये तुंबलं, पोटात पाणी होऊन उतरलं. 

मी म्हणालो, "म्हणजे दारूनं न्हाई?"

"नाही."

"डॉक्टर, हे सगळं एकदा माझ्या बायकोसमोर परत सांगाल?"

त्यांनी अंकिताला आत बोलावलं आणि मूठ वळण्यापासून सगळं परत सांगितलं. अंकिता ऐकत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. डॉक्टर बाहेर गेल्यावर तिनं माझा सदरा घडी घातला, परत उलगडला, परत घडी घातला.

आता ऑपरेशन. छाती मधोमध उघडून ते कवच सोलून काढायचं. दिवाळीनंतरची तारीख दिलीय. डॉक्टरांनी लपवलं नाही. कवच हृदयाला चिकटून बसलंय, सगळं निघेलच असं नाही. इतकी वर्षं आवळून राहिलेलं हृदय मोकळं झाल्यावर कसं वागेल, तेही आधी सांगता येत नाही. काही माणसं यातून परत येत नाहीत.

अक्का, कारण कळलं की सुटलो असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. पूर्वी मला वाटायचं, लोकांनी मला कोंडलंय. आता कळतं की नववीपासून मी आतूनच कोंडला जात होतो आणि मला पत्ता नव्हता. मी शर्यती पळालो, लग्न केलं, बस चालवली, आणि ते एकेक थर चढत होतं. रोज सकाळी उठून छातीवर हात ठेवतो. तेच, अर्धा अर्धा, भराभर. ऑपरेशन नको म्हणालो तर हे असंच, जिना न उतरता. हो म्हणालो तर कदाचित शिवूला शेवटचं बघून आत जायचं. दोन्ही दारं सारखीच दिसतात.

दाजींना सांगून ये. खरं काय ते सांगून ये.

जोतीराम

&nbsp;

पाचगणी
५ डिसेंबर २०२४

जोतीराम,

सुखरूप पोचले. तू वॉर्डात झोपलेला होतास म्हणून निरोप घेतला नाही. झोपेत तुझं तोंड उघडं होतं आणि पहिल्यांदाच ते मला आप्पांसारखं दिसलं नाही.

ऑपरेशनच्या दिवसाचं तुला काहीच माहीत नाही, म्हणून लिहिते. तुला आत नेल्यावर अंकिता आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिनं मला एक शब्द विचारला नाही, मी तिला एक शब्द सांगितला नाही. दुपार कलली तरी आतून कुणी येईना. मधे एकदा एक नर्स पळत गेली, परत पळत आली. त्या वेळी अंकितानं माझा हात धरला, इतका की माझी बांगडी तिच्या हातात रुतली. तिनं जे बोलायचं होतं ते सगळं त्या हातात होतं. ते मी घेतलं.

मग सर्जन बाहेर आले. कवच बरंचसं निघालं, मागच्या बाजूचा एक तुकडा हृदयात रुतलाय, तो तसाच ठेवला, ओढला असता तर फाटलं असतं. तुला बाहेर आणायला अजून वेळ होता. मी विचारलं, काढलेलं बघायला मिळेल का? त्यांना नवल वाटलं असावं, पण त्यांनी दाखवलं. बरणीत होतं, तपासायला पाठवायचं होतं. अंड्याचं टरफल जाड असतं तर जसं दिसेल तसं, पांढरट, काठाला चिरलेलं. एक तुकडा वाकलेला होता, त्याला आतून तुझ्या हृदयाचा आकार होता.

मी किती वेळ बघत होते माहीत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, आपल्या घरातलं जे काही वाईट आहे ते बाटलीतून येतं. त्यामुळं दुसरं काही असेल असं डोक्यातच आलं नाही.

नंतरचे आठ दिवस वाईट गेले ते तुला थोडे आठवत असतील. हृदयाला मोकळीक मिळाली तर तेच गांगरलं, बीपी धरेना. डॉक्टर मुजावर सकाळ-संध्याकाळ येऊन एकच सांगायच्या, "त्याला सवय होऊ द्या." मग एका सकाळी लघवीची पिशवी भरून गेली, दुपारी पुन्हा भरली. लघवी बघून दोन बायका आनंदानं रडतात हे त्या वॉर्डानं पहिल्यांदा बघितलं असेल.

घरी आल्यावर तुझ्या दाजींना आणि सासूबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. गोळीचंसुद्धा. दाजी म्हणाले, "माझी गोळी?" आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "आपण भेटून येऊ त्याला." सासूबाई उठून आत गेल्या. त्यांना वेळ लागेल.

टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. या वेळी कोण देतं आणि कोण बंद करतं ते बघतेच मी. 

अक्का

&nbsp;

सांगली
१८ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तू आणि दाजी येऊन गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी लिहितोय. तब्येत अशी आहे: पोट गेलं. पँटला दोरी बांधावी लागते. पायावर बोट दाबलं की खड्डा पडत नाही. नाडी सत्तर-ऐंशीच्या मधे असते, ती कमी करायच्या कुठल्याही गोळीशिवाय. डॉक्टर म्हणाल्या, एका ठोक्यात आता पुरेसं मावतंय, मग त्याला पळायची गरज काय? पहिले काही दिवस मला त्याची भीतीच वाटायची. दोन ठोक्यांच्या मधे एवढी शांतता असायची की बंद पडलं की काय असं वाटून मी उठून बसायचो. तो रुतलेला तुकडा आतच आहे. जिन्यात शेवटच्या पायऱ्यांना जरा दम लागतो. तेवढं राहणार म्हणाल्या.

शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद वाचले, पुन्हा पाणी दिलं. म्हणाल्या, पालकांशी बोलावं लागेल, जूनमध्ये बघू. मला वाटत नाही बोलावतील. गाडी चालवायला डॉक्टरांची परवानगी एप्रिलनंतर आहे, तेव्हा हळदीच्या बाजारात एका टेम्पोचं बघतोय.

आता आजचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

सकाळी दळण घेऊन मल्हारच्या गिरणीत गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाला आहे ती. चार बायका, दोन-तीन माणसं डबे घेऊन उभी होती. मल्हारनं मला वर-खाली बघितलं आणि खूश होऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "बरं केलंस गड्या, सोडलीस. बघ कसा दिसायलास."

हे आज पहिल्यांदा नाही झालं. महिनाभर जो भेटतो तो हेच म्हणतो. दुकानदार, रिक्षावाले, शिवूच्या मैत्रिणीचे वडील. सगळे माझं कौतुक करतात. मी सांगतो, हृदयाचं ऑपरेशन झालं. ते म्हणतात, व्हय, दारूनं तेबी हुतंय. पोट होतं तेव्हा पितो म्हणून अडकलो होतो, गेलं तर सोडली म्हणून अडकलो. अंकिता म्हणते, बोलू देत की, चांगलंच बोलतात. मीही सोडून द्यायला शिकलो होतो.

आज काय झालं कुणास ठाऊक. मी डबा खाली ठेवला. म्हणालो, "मल्हार, काय सोडली मी?"

"आता त्यात लाजायचं काय? सुटली न्हवं?"

"मी कवाच प्यालो न्हाई, तर सुटंल कशी?"

तो हसला. बायकाही जरा हसल्या. त्यानं पट्टा टाकला आणि गिरणी चालू केली, म्हणजे विषय संपला.

मी आवाज चढवला. अक्का, मी गिरणीवर आवाज चढवला. नववीतल्या तापापासून सुरुवात केली. आटपाडी, पाठीतली सुई, रिकामी डबी. पिशवी कशी कडक होते, कप कसा अर्धा भरतो, फेऱ्या का वाढतात, पाणी पोटात का उतरतं. शाळेचं सांगितलं. जिन्यात पडलो तेव्हा मला उचलणारा काय म्हणाला ते सांगितलं, तो माणूस तिथंच डबा घेऊन उभा होता. त्याला म्हणालो, "तुमी मला उचलून रिक्षात घातलं म्हणून मी हाय. तुमचे उपकार हाईत. पण तुमी जे म्हणाला ते माज्या बायकोनं ऐकलंय." तो खाली बघायला लागला. माझ्या छातीत ठोके जोरजोरात पडत होते, पण कुणी जीव घेऊन पळत नव्हतं. एकेक ठोका भरून येत होता आणि जात होता. मी बोलत होतो आणि हवा पुरत होती.

शेवटी मल्हारनंच गिरणी बंद केली. एकदम शांत झालं आणि मी त्या शांततेतही त्याच आवाजात ओरडत होतो, ते माझं मलाच ऐकू आलं. मग थांबलो.

मल्हार म्हणाला, "बरं बाबा. न्हाई पीत तू."

त्याला पटलं असं मला वाटत नाही. भांडण मिटावं म्हणून म्हणाला असेल. त्या बायकांतल्या एकीनं मात्र माझा डबा उचलून स्वतःच्या पुढं ठेवला आणि म्हणाली, "ह्यांचं आदी दळून द्या." 

पीठ घेऊन घरी आलो. अंकिता जिन्याच्या तोंडाशी उभी होती. म्हणाली, "कोण भांडत हुतं वं? आवाज पार हितपर्यंत येत हुता."

मी म्हणालो, "येऊ दे."

जोतीराम